रिमोट मुका की रिसीव्हर बहिरा? : अदृश्य प्रकाशातील दोष शोधण्याची रीत

आयर्लंडमध्ये डिसेंबरात दुपारचे चार वाजून गेले की दिवस मावळतो. पुण्याहून किंवा नाशिकहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आई-वडिलांची संध्याकाळ येथे फार लवकर सुरू होते आणि फार वेळ चालते. मुलगा आणि सून कामावरून परतेपर्यंत घरात बोलायला कोणी नसते. अशा वेळी अनेक मराठी घरांत दूरचित्रवाणीला जोडलेला एक छोटा संगणक आधाराला येतो. त्यात जतन केलेली नाटके, कीर्तने, जुने चित्रपट आणि नातवंडांची छायाचित्रे असतात. माऊस आणि कीबोर्ड हाताळणे ज्येष्ठांना अवघड जाते, म्हणून घरातील तंत्रज्ञ एखाद्या जुन्या रिमोटची सांगड तीन पायांच्या लहानशा अवरक्त रिसीव्हरशी घालून देतो. भागांचा खर्च थोडा आणि काम एका सुटीच्या दिवसाचे. त्यानंतर आजी-आजोबांना कोणाचीही वाट न पाहता हवे ते लावता येते.

मग एके दिवशी बटण दाबूनही पडद्यावर काहीच हलत नाही.

तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा किरकोळ बिघाड असला, तरी घरी बसलेल्या माणसाची ती संध्याकाळ गेलेली असते. त्यामुळे दुरुस्ती घाईने सुरू होते. रिमोटचे सेल बदलले जातात, नवा रिसीव्हर मागवला जातो, सॉफ्टवेअर पुन्हा बसवले जाते, तारा उलटसुलट करून पाहिल्या जातात आणि हे सारे एकदमच केले जाते. कधी नशिबाने यंत्रणा चालू होते, पण मूळ दोष कोणता होता हे कळत नाही आणि महिन्याभराने तो परत येतो. कधी या धांदलीत एका दोषाचे दोन होतात. अवरक्त रिसीव्हरच्या बाबतीत असे वारंवार घडते, कारण येथे संदेश वाहून नेणारा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. जे दिसत नाही त्याच्याविषयी माणूस तर्क करतो, आणि तर्काच्या जागी मोजमाप आल्याखेरीज दोष सापडत नाही.

कार्लोचा टिंडल आणि हिरवे रेशीम

ज्या देशात ही घरे आहेत, त्या देशाचे अदृश्य किरणांच्या अभ्यासाशी जुने नाते आहे. तांबड्या रंगापलीकडे न दिसणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तापमापीच्या साहाय्याने दाखवले. त्या किरणांना वायू कसे अडवतात याचे काटेकोर मोजमाप जॉन टिंडल या आयरिश शास्त्रज्ञाने १८५९ पासून पुढे केले. टिंडल यांचा जन्म १८२० मध्ये कार्लो परगण्यातील लॉक्लिनब्रिज या गावी झाला, तर त्यांचे मुख्य कार्य लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये घडले. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड उष्णतेचे किरण शोषतात, हा त्यांचा निष्कर्ष आजच्या हवामानशास्त्राच्या पायाशी आहे. कॉर्कमधील टिंडल नॅशनल इन्स्टिट्यूट ही प्रकाशविज्ञान आणि सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकीची संशोधनसंस्था त्यांचेच नाव धारण करते.

दुरुस्ती करणाऱ्याला मात्र टिंडल यांच्या निष्कर्षापेक्षा त्यांची एक अडचण अधिक शिकवून जाते. किरणांची उष्णता मोजण्यासाठी त्यांनी औष्णिक विद्युतघट आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर वापरला होता. प्रवाह नसताना त्याची सुई शून्यावर स्थिर राहायला हवी होती. ती राहत नव्हती. सुई वेटोळ्याकडे ओढली जात होती, म्हणून संशय साहजिकच तांब्याच्या तारेवर गेला. टिंडल यांनी तार आणि तिच्यावरील आवरण वेगवेगळे चुंबकाजवळ नेऊन पाहिले. तार निर्दोष निघाली. दोष होता तिच्यावर गुंडाळलेल्या हिरव्या रेशमात, कारण त्या रंगात लोहाचा अंश होता. पांढऱ्या रेशमात गुंडाळलेली शुद्ध तार वापरल्यावर सुई ताळ्यावर आली. वायूंविषयी काही सांगण्यापूर्वी त्यांना आपले मापनयंत्र खरे बोलते आहे, हे सिद्ध करावे लागले होते.

घरगुती रिमोटचा दोष शोधतानाही हाच क्रम पाळावा लागतो. साक्षीदार आधी पारखावा, साक्ष नंतर ऐकावी. आणि ज्या भागावर प्रथम संशय जातो तो बहुधा निर्दोष असतो, हेही गृहीत धरून चालावे.

त्या काळ्या मण्यात काय असते

बहुतेक रिमोटमधील प्रकाशदीप सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. टिंडल ज्या उष्ण वस्तूंच्या किरणांवर काम करत होते, त्यांच्या तरंगलांबीचा मोठा भाग याहून कित्येक पट लांब होता. तसे किरण काच अडवते, म्हणून त्यांनी आपल्या नळीची तोंडे सैंधवाच्या म्हणजे खनिज मिठाच्या पट्ट्यांनी बंद केली होती. रिमोटचा प्रकाश मात्र दृश्य प्रकाशाच्या अगदी शेजारचा असल्यामुळे कपाटाच्या साध्या काचेतून सहज जातो. 'मध्ये काच आली म्हणून रिमोट चालत नसेल' हा तर्क त्यामुळे सहसा चुकीचा ठरतो.

रिसीव्हरचे काळे आवरण दृश्य प्रकाश बराचसा अडवते आणि अवरक्त प्रकाश आत सोडते. परंतु अवरक्त प्रकाश सूर्यापासूनही येतो, तारेच्या दिव्यापासूनही येतो. त्या गर्दीत रिमोटचा क्षीण आवाज ओळखू यावा, यासाठी रिमोट आपला प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकवतो. हीच ३८ किलोहर्ट्झची वाहक वारंवारता. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे सोय आहे : अनेक रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्झचा स्वस्त सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्या वारंवारतेला १२ ने भागले की जवळपास ३८ उरतात.

रिसीव्हरच्या आत प्रकाशसंवेदी डायोड, आपली संवेदनक्षमता आपणच कमी-जास्त करणारा वर्धक, ठरावीक वारंवारतेलाच वाट देणारी गाळणी आणि शेवटी उलगडा करणारे मंडल असते. योग्य वारंवारतेचा प्रकाश पोहोचला की बाहेर येणारा व्होल्टेज खाली येतो आणि प्रकाश थांबला की पुन्हा वर जातो. म्हणजे विश्रांतीच्या वेळी निर्गम पाय 'वर' असतो आणि संदेश येताना तो 'खाली' खेचला जातो. ही उलट वागणूक लक्षात न ठेवल्यामुळे चांगले रिसीव्हर नादुरुस्त ठरवून फेकून दिले जातात.

संदेशाची भाषा उत्पादकागणिक बदलते. एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब स्पंद, मग साडेचार मिलिसेकंदांचा विराम आणि त्यापुढे ३२ बिट येतात. प्रत्येक बिट सुमारे ५६० मायक्रोसेकंदांच्या स्पंदाने सुरू होतो आणि त्यानंतरचा विराम आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते, तर सोनीची ४० वर. ३८ चा रिसीव्हर या दोन्ही ऐकतो, पण अंतर कमी होते. रिमोट कोचाजवळून चालत नाही आणि पडद्याजवळ नेला की चालतो, अशी तक्रार असेल तर वारंवारतेची ही विजोड जोडी हे एक संभाव्य कारण आहे.

मधून सुरुवात करावी

बोटापासून पडद्यापर्यंत संदेश सहा टप्पे पार करतो : रिमोट, हवा, रिसीव्हर, तार व जोडणी, कर्नेलमधील ड्रायव्हर आणि अखेरीस बटणाचा अर्थ लावणारे सॉफ्टवेअर. पहिल्या टप्प्यापासून क्रमाने तपासत जाण्यापेक्षा मधोमध कापणे शहाणपणाचे असते. एका तपासणीत अर्धे टप्पे संशयमुक्त होतात.

लिनक्सवर हा मध्यबिंदू 'मोड-टू' या छोट्या साधनाने किंवा नव्या यंत्रणांतील 'आयआर-सीटीएल' या आज्ञेने गाठता येतो. ही साधने बटणाचा अर्थ लावत नाहीत, ड्रायव्हरला जाणवलेले स्पंद आणि विराम मायक्रोसेकंदांत फक्त छापतात. त्याआधी रिमोटची पार्श्वभूमीतील सेवा थांबवणे आवश्यक असते. अन्यथा उपकरण तिच्या ताब्यात राहते आणि साधन काहीच दाखवत नाही. तो पोकळ निकाल हा हिरव्या रेशमाचाच प्रकार समजावा.

बटण दाबताच ९००० च्या आसपासचा स्पंद, ४५०० चा विराम आणि पुढे ५६० व १६९० च्या जवळपासचे आकडे झरझर उतरले, तर रिमोट, हवा, रिसीव्हर, तार आणि ड्रायव्हर हे पाचही ठीक आहेत. मग सोल्डरिंगची इस्त्री गरम करण्याचे कारण नाही. काहीच उतरले नाही, तर दोष अलीकडे आहे. बटण न दाबताच आकड्यांचा पाऊस पडू लागला, तर रिसीव्हर जिवंत आहे, पण कोणीतरी तिसराच त्याच्याशी बोलत आहे.

शांतता असेल तर : रिमोट

पहिली पारख रिमोटची. बटण दाबून त्याचा पुढचा दीप मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. अनेक फोनच्या मागील कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी प्रभावी असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरणे बरे. ज्याच्यावर शंका नाही असा, उदाहरणार्थ दूरचित्रवाणीचा मूळ रिमोट आधी त्या कॅमेऱ्यापुढे धरावा. तो जांभळट पांढरा चमकला, तर कॅमेरा साक्षीदार म्हणून विश्वासार्ह आहे. त्यानंतरच संशयित रिमोटची पाळी.

दीप चमकला नाही, तर सेल, सेलच्या स्प्रिंगवर साचलेला क्षार आणि बटणाखालील झिजलेले वाहक रबर या तिन्हींची पाहणी करावी. दीप चमकला तरी रिमोट पूर्ण निर्दोष ठरत नाही. कॅमेऱ्याला प्रकाश दिसतो, वारंवारता दिसत नाही. कोचावरून खाली पडलेल्या रिमोटमधील रेझोनेटरला तडा गेला असेल, तर दीप लुकलुकतो पण चुकीच्या चालीने, आणि रिसीव्हरच्या गाळणीपाशी सारा संदेश अडतो. म्हणून दुसरा, त्याच वारंवारतेचा रिमोट घेऊन 'मोड-टू' पुन्हा पाहावे. त्याचे आकडे उतरले तर दोष पहिल्या रिमोटचा. दोन्ही गप्प राहिले तर पुढे जावे.

शांतता असेल तर : तीन पाय

रिसीव्हरला तीन पाय असतात : वीज, भूमी म्हणजे ग्राउंड, आणि निर्गम. मात्र त्यांचा क्रम सर्वत्र सारखा नसतो, आणि परदेशस्थ मराठी माणसाची फसगत होण्याची जागा बहुधा हीच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत अवरक्त रिसीव्हर मागितला, तर टीएसओपी १७३८ या नावाचा भाग हाती पडण्याची शक्यता मोठी. फुगीर बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर त्याचा क्रम डावीकडून ग्राउंड, वीज, निर्गम असा असतो. युरोपात टपालाने येणाऱ्या टीएसओपी ४८३८ किंवा ३८२३८ चा क्रम निर्गम, ग्राउंड, वीज असा असतो. दोन्ही काळे, दोन्ही तीन पायांचे, दोन्ही ३८ किलोहर्ट्झचे. सुटीवर गेलेल्या कोणी सामानातून आणलेला भाग जुन्याच्या जागी जसाच्या तसा बसवला, तर वीज आणि ग्राउंड उलट पडतात आणि नवा कोरा रिसीव्हर बसवताक्षणीच निकामी होऊ शकतो.

व्होल्टेजचेही तसेच. १७३८ हा ५ व्होल्टसाठी आहे. ४८३८ आणि ३८२३८ हे ३.३ व्होल्टवरही चालतात. रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पायांना ३.३ व्होल्टहून अधिक सोसत नाही. ५ व्होल्टवरील रिसीव्हरचा निर्गम तेथे थेट जोडणे म्हणजे रिसीव्हरबरोबर संगणकही पणाला लावणे. त्यामुळे पायसाठी ३.३ व्होल्टचा भाग घ्यावा आणि त्याची वीज पायच्या पहिल्या क्रमांकाच्या पिनेवरून द्यावी.

आता मल्टिमीटर. काळी दांडी ग्राउंडवर ठेवून आधी वीज-पाय मोजावा. मोजमाप तारेच्या दुसऱ्या टोकाला न करता रिसीव्हरच्या पायावरच करावे, कारण मधला सोल्डर जोड वरून चकाकत असूनही आतून सुटलेला असू शकतो. वीज योग्य असेल तर निर्गम पाय मोजावा. विश्रांतीच्या वेळी तो जवळजवळ विजेइतकाच असायला हवा. तो सतत शून्यावर असेल, तर निर्गम कोठेतरी ग्राउंडला टेकला आहे, पाय उलट आहेत किंवा रिसीव्हर जळाला आहे.

विश्रांतीची पातळी बरोबर निघाली की रिमोटचे बटण दाबून धरावे. आकडा थेट शून्यावर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. एनईसी पद्धतीत बटण दाबून ठेवल्यावर साधारण ११० मिलिसेकंदांतून जेमतेम १० मिलिसेकंद निर्गम खाली असतो. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून ३.३ व्होल्टवरून आकडा सुमारे ३.० पर्यंत उतरतो आणि थरथरतो. एवढी छोटी घसरण म्हणजेच रिसीव्हरला ऐकू येत असल्याचा पुरावा. ज्यांच्याजवळ मीटर नाही त्यांनी एक लाल एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडून विजेपासून निर्गमापर्यंत लावावा. बटण दाबले की तो मंद लुकलुकतो.

सुरक्षेची एक सूचना येथेच द्यायला हवी. ही सारी मोजमापे कमी व्होल्टेजच्या बाजूची आहेत. आयर्लंडमध्ये भिंतीतील वीज २३० व्होल्टची असते. बंद ॲडॅप्टर उघडून त्यात दांडी घालण्याची गरज या कामात कधीच पडत नाही. जोडणी बदलताना संगणक पूर्ण बंद करून वीज काढावी.

जुन्या सिरीयल पोर्टची गोष्ट

रास्पबेरी पाय येण्यापूर्वी बांधलेली अनेक यंत्रे अजून चालू आहेत आणि त्यांत रिसीव्हर संगणकाच्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टला जोडलेला असतो. त्या प्रसिद्ध मंडलात आरटीएस म्हणजे सातवी पिन वीज पुरवते, एक डायोड उलट व्होल्टेज अडवतो, ७८एल०५ हा नियामक ५ व्होल्ट करून देतो, आणि निर्गम डीसीडी म्हणजे पहिल्या पिनेवर जातो. पाचवी पिन ग्राउंडची.

या मंडलातील पहिला चकवा असा की ड्रायव्हरने पोर्ट उघडल्याशिवाय आरटीएस वर येत नाही. संगणक चालू आहे, पण 'मोड-टू' सुरू केलेले नाही, अशा अवस्थेत मोजले तर रिसीव्हरला वीजच मिळत नसल्याचे दिसते आणि निर्दोष नियामक बदलला जातो. मापन नेहमी साधन चालू ठेवूनच करावे.

दुसरा चकवा व्होल्टेजचा आहे. नियामकाला ५ व्होल्ट देण्यासाठी स्वतःकडे सुमारे ७ व्होल्ट यावे लागतात, आणि त्याआधी डायोड पाऊण व्होल्टच्या आसपास खातो. जुन्या मेजावरील संगणकांचा आरटीएस १० व्होल्टच्या पुढे असे, म्हणून सारे सुरळीत चाले. कित्येक लॅपटॉपचा आरटीएस जेमतेम पाच-सहा व्होल्ट देतो. रिसीव्हरला स्वतःला एखादा मिलिअँपिअर पुरतो, नियामकच त्याहून अधिक खातो. अशा वेळी नियामक वगळून यूएसबीच्या ५ व्होल्टवर रिसीव्हर चालवणे आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडणे हा सरळ उपाय ठरतो.

तिसरा चकवा यूएसबी ते सिरीयल रूपांतरकाचा. नव्या संगणकाला सिरीयल पोर्ट नाही म्हणून रूपांतरक लावला जातो, वीजही नीट मिळते, तरी आकडे उतरत नाहीत किंवा वेडेवाकडे उतरतात. रूपांतरक माहिती गाठोडी बांधून पाठवतो. ५६० मायक्रोसेकंदांचा स्पंद नेमका कधी सुरू झाला आणि कधी संपला, ही वेळच त्या गाठोड्यात हरवते. येथे कोणताही भाग बिघडलेला नसतो, योजनाच लागू पडत नाही. यूएसबीसाठी बनवलेला अवरक्त रिसीव्हर किंवा पायची जोडणी यांपैकी एक निवडणे उत्तम.

आकड्यांचा पाऊस : हवा आणि वीज

बटण न दाबता स्पंद उतरत असतील, तर प्रथम रिसीव्हरवर जाड पुठ्ठ्याची टोपी ठेवावी. पाऊस थांबला, तर गोंगाट प्रकाशातून येतो. न थांबला, तर विजेतून किंवा तारेतून.

प्रकाशाच्या बाबतीत आयर्लंडचे स्वतःचे एक वैशिष्ट्य आहे. डब्लिन उत्तर अक्षांश ५३ अंशांवर असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून १३ अंशांच्या आसपासच चढतो. दक्षिणेकडील खिडकीतून ते ऊन आडवे आत येते आणि दूरचित्रवाणीखाली ठेवलेल्या रिसीव्हरच्या थेट तोंडावर पडते. महाराष्ट्रात डोक्यावर असणारा सूर्य हा त्रास क्वचितच देतो. तीव्र प्रकाशात रिसीव्हर आपली संवेदनक्षमता घटवतो आणि रिमोटची पोच आखूड होते. उन्हाळ्यात उत्तम चालणारी यंत्रणा केवळ हिवाळ्यात, केवळ दुपारी आणि केवळ निरभ्र दिवशी रुसत असेल, तर दोष सूर्याच्या वाटेत शोधावा. रिसीव्हर हातभर सरकवणे किंवा त्याभोवती काळ्या कागदाची छोटी नळी करणे पुरते. काही ऊर्जाबचत दिव्यांमधील इलेक्ट्रॉनिक मंडलेही दहा-हजारांच्या घरातील वारंवारतेने प्रकाश हलवतात. दिवे एकेक बंद करून आकडे पाहिले की अपराधी सापडतो.

गोंगाट विजेतून येत असेल, तर उपाय स्वस्त आहे. विजेच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरच्या पायांना अगदी चिकटून वीज व ग्राउंड यांच्यामध्ये ४.७ मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा कपॅसिटर लावावा. हा कपॅसिटर तारेच्या दुसऱ्या टोकाला, संगणकाजवळ बसवला तर त्याचा उपयोग फारसा होत नाही. तार लांब असेल तर आच्छादित तार घ्यावी आणि ती ॲडॅप्टरपासून दूर न्यावी.

आकडे उतरतात, पण पडदा हलत नाही

येथे हार्डवेअरचे काम संपते. रास्पबेरी पायवर एक कारण नेहमी आढळते : यंत्रणेचे नूतनीकरण. जुन्या मार्गदर्शिकांत सांगितलेली 'एलआयआरसी-आरपीआय' ही जोडणी कर्नेलमधून काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी 'जीपीआयओ-आयआर' आली. कॉन्फिग फाइलमध्ये जुनी ओळ राहिली तर ड्रायव्हर मुळी सुरूच होत नाही. नवी ओळ लिहिताना पिनेचा क्रमांक जीपीआयओचा द्यायचा असतो. जीपीआयओ १८ म्हणजे फळीवरील बारावी पिन. हे दोन क्रमांक एकमेकांत मिसळणे ही सर्वाधिक घडणारी चूक.

स्पंद दिसतात, परंतु 'आयआर-की-टेबल' या साधनाच्या चाचणीत बटणाचा संकेतांक उमटत नसेल, तर त्या रिमोटची भाषा कर्नेलमध्ये चालू केलेली नसते. एनईसी, आरसी-५ वगैरे भाषा तेथे एकेक निवडाव्या लागतात. संकेतांक उमटतो पण काही घडत नाही, तर बटणांची सारणी अपुरी आहे. आणि एकदा दाबल्यावर दोनदा हलत असेल, तर एकच बटण कर्नेल आणि पार्श्वभूमीतील सेवा असे दोघेही वाचत आहेत. दोहोंपैकी एकाला विश्रांती द्यावी.

झाकणाच्या आतला कागद

या साऱ्या तपासणीत एक नियम समान आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर काय दिसले ते लिहून ठेवावे. नीट चालणाऱ्या दिवशी घेतलेली नोंद बिघाडाच्या दिवशी सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून यंत्रणा चालू झाली की डबी बंद करण्यापूर्वी एका कागदावर पाच बाबी लिहाव्यात : रिसीव्हरचा क्रमांक आणि पायांचा क्रम, विजेचा व्होल्टेज, निर्गमाचा विश्रांतीतील व बटण दाबल्यावरचा आकडा, रिमोटची भाषा, आणि 'मोड-टू'चे पहिले चार आकडे. तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा.

घरातील तंत्रज्ञ कामावर असताना बिघाड झाला, तर फोनवरून त्याला एवढेच विचारावे लागते : कॅमेऱ्यात दिवा दिसतो का, आणि खिडकीचा पडदा ओढल्यावर रिमोट चालतो का? हे दोन प्रश्न आजोबांना मराठीत विचारता येतात आणि आजोबांना त्यांची उत्तरे पाहून सांगता येतात. बहुतेक दुपारी पडदा ओढणेच पुरते, आणि नाटकाचा दुसरा अंक मुलगा घरी येण्याआधी सुरू होतो.